कोल्हापूर ते नागपूर: सातशे किलोमीटरचे हवाई अंतर आणि प्रवासाचे खरे तास

कोल्हापूरजवळच्या गोकुळ शिरगाव औद्योगिक वसाहतीतील एका मध्यम आकाराच्या कारखान्याने बनवलेले यंत्र नागपूरजवळ बुटीबोरी औद्योगिक वसाहतीत बसवलेले आहे. जानेवारीतील एका मंगळवारी दुपारी चार वाजता तिथून निरोप येतो की यंत्राचा एक भाग तडकला असून उत्पादन बंद पडले आहे. दोन तंत्रज्ञ, बदली भाग आणि अवजारांची पेटी शक्य तितक्या लवकर बुटीबोरीला पोहोचवायची आहे. कार्यालयातील कोणीतरी मोबाइलवर दोन्ही विमानतळांमधील अंतर आणि उड्डाणाचा वेळ शोधतो, ‘सातशे किलोमीटर, एक तास तेवीस मिनिटे’ असे उत्तर मिळते, आणि ‘उद्या सकाळी निघतील, जेवणाआधी तुमच्याकडे असतील’ असा शब्द ग्राहकाला दिला जातो.

हे प्रकरण प्रातिनिधिक आहे. कारखाना अमुक एक नव्हे. थेट विमान मंगळवार, गुरुवार आणि शनिवार असे आठवड्यातून तीन दिवस आहे, आणि तेच विमान नागपूरला जाऊन तासाभरात परत फिरते, असे येथे गृहीत धरले आहे. प्रत्यक्षातील वेळापत्रक मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांच्या शेवटच्या रविवारी बदलते, मधल्या काळातही कंपन्या फेऱ्या कमी-जास्त करतात, त्यामुळे कोणाच्याही तिकिटाचा आधार म्हणून हे वार वापरू नयेत. अंतरे मात्र खरी आहेत आणि ती बदलणारही नाहीत.

आधी अंतर. कोल्हापूरचा छत्रपती राजाराम महाराज विमानतळ उजळाईवाडीला, म्हणजे साधारण १६.६६ अंश उत्तर अक्षांश आणि ७४.२९ अंश पूर्व रेखांशावर आहे, नागपूरचा डॉ. बाबासाहेब आंबेडकर विमानतळ सोनेगावला, २१.०९ अंश उत्तर आणि ७९.०५ अंश पूर्व येथे. अक्षांशांतील फरक ४.४३ अंशांचा आणि रेखांशांतील ४.७६ अंशांचा. आपल्या भागात अक्षांशाचा एक अंश सुमारे ११०.७ किलोमीटरचा भरतो, तर रेखांशाचा एक अंश उत्तरेकडे जाताना आकसत जातो आणि एकोणीस अंशांच्या आसपास तो १०५.४ किलोमीटर उरतो. म्हणजे उत्तरेकडे ४९० आणि पूर्वेकडे ५०२ किलोमीटर; या दोन बाजूंच्या काटकोन त्रिकोणाचा कर्ण सुमारे ७०१ किलोमीटर निघतो. पृथ्वीला गोल धरून रीतसर सूत्राने काढले तर उत्तर ७०२ येते. एवढ्या अंतरासाठी शाळेतला पायथागोरस पुरतो, संगणकाची गरज नाही. वैमानिकाच्या हिशेबात हे सुमारे ३७९ नॉटिकल मैल झाले (एक नॉटिकल मैल १.८५ किलोमीटरचा; पुढे ‘मैल’ म्हणजे हाच). दोन्ही बाजू जवळजवळ सारख्या असल्याने दिशा जवळपास तंतोतंत ईशान्येची, म्हणजे ४५ अंशांची येते. हा योगायोग पुढे वाऱ्याच्या हिशेबात उपयोगी पडतो.

येथे एक गोष्ट सहसा ध्यानात घेतली जात नाही. मुंबई ते नागपूर हे हवाई अंतर सुमारे ६८३ किलोमीटर आहे. म्हणजे आकाशातून पाहता नागपूर मुंबईपासून जितके लांब, जवळपास तितकेच ते कोल्हापूरपासून लांब आहे. तरीही मुंबईकराला नागपूर सकाळी जाऊन संध्याकाळी परतण्याच्या टप्प्यात वाटते आणि कोल्हापूरकराला ते परमुलखात वाटते. याचे कारण अंतरात नाही.

आता वेळ. संकेतस्थळांवरील गणकयंत्रे बहुधा एकच युक्ती करतात: ताशी ८०० किलोमीटर वेगाने अंतराला भागायचे आणि उड्डाण-अवतरणासाठी अर्धा तास मिळवायचा. त्याप्रमाणे ५३ अधिक ३०, म्हणजे ८३ मिनिटे. आकडा दिसायला नेमका आहे, पण कोणते विमान उडणार हे त्या यंत्राला ठाऊकच नसते. कोल्हापूरची धावपट्टी १,९३० मीटर लांब आहे. विस्तार होण्याआधी तर ती १,३७० मीटरचीच होती. ती समुद्रसपाटीपासून सुमारे २,००० फूट उंचीवर आहे आणि एप्रिलच्या दुपारी पारा ३५ अंशांवर गेला की विरळ झालेल्या हवेमुळे विमानाला ती जणू ४,९०० फूट उंचीवरची धावपट्टी वाटू लागते. नागपूरला मे महिन्यातील ४५ अंशांत अगदी हेच घडते, गणितही तिथे ४,९०० फुटांच्याच आसपास येते. पण नागपूरची धावपट्टी ३,२०० मीटरची असल्याने तिथे कोणाचे काही अडत नाही. कोल्हापूरला मात्र या मर्यादेमुळे सत्तर-ऐंशी आसनांच्या आतली विमाने सोयीची पडतात: पंख्याची एटीआर ७२, किंवा एम्ब्रेअर कंपनीची पन्नास आणि शहात्तर आसनांची छोटी जेट विमाने. धावपट्टी विमान ठरवते आणि विमान वेळ ठरवते, असा हा क्रम आहे.

जेट विमानाचा वेग वर पोहोचल्यावर ताशी सुमारे ८३० किलोमीटर, एटीआरचा सुमारे ५१०. नुसता भागाकार केला तर जेटला ५१ मिनिटे आणि एटीआरला ८३ मिनिटे लागायला हवीत. पण विमान धावपट्टी सोडताच त्या वेगाला पोहोचत नाही. जेट विमान ३०,००० फुटांपर्यंत चढायला साधारण १८ मिनिटे घेते आणि तेवढ्यात शंभराहून थोडे अधिक नॉटिकल मैल कापते. उतरण्यासाठी वैमानिकांचा ढोबळ नियम असा की दर हजार फुटांना तीन मैल धरायचे. त्यानुसार २९,००० फूट खाली यायला ८७ मैल आणि वेग कमी करायला आणखी दहाएक, म्हणजे नागपूर अजून ९७ मैल दूर असतानाच विमान खाली झुकू लागते. एकूण ३७९ मैलांतून चढण आणि उतरण वजा केली की सपाट उड्डाणासाठी उरतात सुमारे १७५ मैल, आणि ते २४ मिनिटांत संपतात. ज्या वेगाची जाहिरात होते तो वेग प्रवाशाच्या वाट्याला येतो तो एवढाच वेळ. चहाची गाडी मागच्या रांगेपर्यंत पोहोचण्याआधीच पट्टे बांधण्याची सूचना होते ती याच कारणाने. चढण १८, सपाट २४, उतरण २०, धावपट्टीशी जुळवून घेण्यासाठी वळणे आठेक मिनिटांची आणि दोन्ही टोकांना जमिनीवरची हालचाल मिळून पंधरा मिनिटे: बेरीज ८५ मिनिटे, म्हणजे एक तास पंचवीस मिनिटे.

एटीआर १८,००० ते २०,००० फुटांपर्यंतच चढते. तिची चढण आणि उतरण मिळून जेमतेम १२० मैल जातात आणि उरलेले २६० मैल ती २७५ नॉटने, म्हणजे ताशी २७५ नॉटिकल मैलांच्या वेगाने, ५७ मिनिटांत पार करते. सगळे धरून एक तास पन्नास मिनिटे होतात. जेटचा वेग एटीआरच्या दीडपटीहून अधिक असूनही फरक पंचवीस मिनिटांचाच पडतो. अंतर जितके लहान तितका वेगवान विमानाचा फायदा चढण-उतरणीत विरघळतो. गणकयंत्राचा ८३ मिनिटांचा आकडा जेटच्या बाबतीत जवळजवळ बरोबर ठरला, पण त्यात हिशेबापेक्षा योगायोगाचा भाग मोठा होता.

विमान नकाशावरील सरळ रेषेने जात नाही, हेही खरे आहे. ठरलेल्या हवाई मार्गांवरील खुणेचे बिंदू जोडत ते जाते, लष्करी वापरासाठी राखलेले आकाश टाळते आणि गर्दी असेल तर नियंत्रकाच्या सांगण्यावरून बाजूलाही वळते. पण सरळ अंतरात तीन ते पाच टक्के भर पडली तरी ती वीस-पंचवीस किलोमीटरची, म्हणजे वेळेत दोन-तीन मिनिटांचीच होते. तिचा बाऊ करण्याचे कारण नाही.

वाऱ्याचीही गोष्ट तशीच. जानेवारीत या उंचीवर वारा पश्चिमेकडून वाहतो. तो ५० नॉटचा धरला आणि आपला मार्ग ईशान्येचा असल्याने त्यातला सात दशांश भागच पाठीशी येतो असे मानले, तर जाताना ३५ नॉटची मदत आणि येताना तेवढाच विरोध होतो. सपाट उड्डाणाच्या १७५ मैलांत यामुळे जाताना दोन मिनिटे वाचतात आणि परतताना दोन मिनिटे वाढतात. चढण-उतरण धरली तरी येण्या-जाण्यातील एकूण फरक सहा-सात मिनिटांच्या पुढे जात नाही. पावसाळ्यात हे वारे मंदावतात किंवा उलटतात, पण तेव्हा वाऱ्यापेक्षा उजळाईवाडीवर किती खाली ढग आहेत याचीच चिंता अधिक असते, कारण उतरता आले नाही तर विमान बेळगाव, गोवा किंवा पुण्याकडे वळते आणि मग मिनिटांचा हिशेब राहतच नाही.

मंगळवारी संध्याकाळी कारखान्यात हा सगळा ऊहापोह झाला असता तरी निर्णयाला त्याचा उपयोग अर्ध्या तासापुरताच होता. खरा हिशेब दारापासून दारापर्यंतचा आहे. कारखान्यातून विमानतळ पंधरा मिनिटांवर. गोकुळ शिरगाव आणि उजळाईवाडी यांच्यात अंतर ते किती! सामान सोपवायचे असल्याने दीड तास आधी पोहोचणे आले, कारण देशांतर्गत उड्डाणांचे काउंटर साधारण एक तास आधी बंद होतात. पुढे विमानाचे ८५ मिनिटे, नागपूरला उतरून पट्ट्यावरून पेटी घेऊन बाहेर यायला २५ मिनिटे आणि वर्धा रस्त्याने बुटीबोरी गाठायला ४५ मिनिटे. बेरीज चार तास वीस मिनिटे. यातला हवेतला वेळ पुरता सव्वा तासही नाही. एटीआर असती तर पावणेपाच तास.

या प्रकरणातील दोन्ही टोके नशिबाने विमानतळांना धरून आहेत: कारखाना कोल्हापूरच्या विमानतळाशेजारी, आणि बुटीबोरी नागपूर शहराच्या दक्षिणेला, म्हणजे सोनेगाव ज्या बाजूला आहे त्याच बाजूला. हाच प्रवास गडहिंग्लजच्या माणसाने कामठीपर्यंत केला असता तर त्याच विमानाने, त्याच ७०१ किलोमीटरला त्याला दोन तास अधिक लागले असते. चंदगडच्या माणसाला तर बेळगावचा विमानतळच जवळ. ‘कोल्हापूर ते नागपूर किती वेळ’ या प्रश्नाला उत्तर देण्याआधी ‘कोल्हापुरात कुठून आणि नागपुरात कुठे’ हे विचारायला हवे ते यासाठी.

अवजारांच्या पेटीचाही हिशेबात वाटा आहे. पाने, हातोडे, पेचकस केबिनमध्ये नेता येत नाहीत, त्यामुळे पेटी सोपवावीच लागते आणि पट्ट्याशेजारी थांबणे टळत नाही. देशांतर्गत प्रवासात सोपवण्याच्या सामानाची नेहमीची मर्यादा माणशी १५ किलो, म्हणजे दोघांची मिळून ३०. बदली भाग ओतीव लोखंडाचा असेल तर तो एकटाच तेवढा भरतो, आणि छोट्या विमानात जादा वजन ऐनवेळी नाकारले जाण्याची शक्यता मोठ्या विमानापेक्षा अधिक. उलट मोजमापाच्या उपकरणांच्या सुट्या लिथियम बॅटऱ्या सोपवलेल्या सामानात चालत नाहीत, त्या हातातल्या पिशवीतच ठेवाव्या लागतात. पेटी बांधताना हे ध्यानात राहिले नाही तर काउंटरवर ती पुन्हा उघडावी लागते, आणि सकाळची वीस मिनिटे तिथे जातात.

तर मंगळवारी संध्याकाळी समोर असलेले पर्याय असे होते. त्या दिवशीचे थेट विमान दुपारी बारालाच गेले होते, पुढचे गुरुवारी. चार तास वीस मिनिटांचा सर्वांत लहान प्रवास, पण बुटीबोरीला पोहोचणे गुरुवारी दुपारी अडीच-तीनच्या सुमारास. महाराष्ट्र एक्स्प्रेस कोल्हापूरहून दुपारी सुटते, तीही निघून गेलेली होती. ही गाडी पुणे, मनमाड, भुसावळ, अकोला असा वळसा घेत नागपूरपर्यंत सुमारे १,२०० किलोमीटर धावते, म्हणजे हवाई अंतराच्या पावणेदोन पट, आणि एवढे करूनही राज्याची हद्द ओलांडत नाही. बुधवारच्या गाडीने निघून गुरुवारी नागपूर: म्हणजे चोवीस तासांहून अधिक वेळ घेणारी रेल्वे आणि सव्वा तासाचे विमान एकाच दिवशी पोहोचवणार होते. स्वतःची गाडी घेऊन सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ मार्गे आठशेहून अधिक किलोमीटर रातोरात कापायचे म्हटले तर सोळा-सतरा तास, आणि पोहोचलेली माणसे हातात पाना धरण्याच्या स्थितीत नसणार.

उरले ते विमान बदलून जाण्याचे मार्ग. मुंबईमार्गे अंतर ३०८ अधिक ६८३, म्हणजे ९९१ किलोमीटर होते. हैदराबादमार्गे ४४५ अधिक ४३२, म्हणजे ८७७. मुंबईला दोन तास थांबा आणि बहुधा टर्मिनल बदलणे धरले तर दारापासून दारापर्यंत सात तास चाळीस मिनिटे, हैदराबादला दीड तास थांबा धरला तर सहा तास पंचावन्न मिनिटे. कोल्हापूरहून हैदराबादचे विमान सकाळी साडेदहाचे धरल्यास कारखान्यातून पावणेनऊला निघून बुधवारी दुपारी तीन चाळीसला बुटीबोरी. ग्राहकाला दिलेल्या ‘जेवणाआधी’च्या शब्दाला हा पर्यायही पुरत नव्हता.

आणि एक मार्ग गणकयंत्र सुचवीत नाही, पण कोल्हापूरचा माणूस आधी तोच धरतो: रात्री गाडीने पुणे. लोहगाव विमानतळ कोल्हापूरपासून महामार्गाने साधारण पाच तासांवर, आणि पुण्याहून नागपूरला रोज एकापेक्षा अधिक विमाने. पुणे-नागपूर हवाई अंतर सुमारे ६०५ किलोमीटर. रात्री दहाला निघायचे, तीनला लोहगाव, पहाटे पाचचे विमान, साडेसहाला नागपूर, पावणेआठच्या आत बुटीबोरी. प्रवास नऊ तास चाळीस मिनिटांचा, म्हणजे हैदराबादमार्गापेक्षा पावणेतीन तासांनी लांब आणि थेट विमानाच्या दुपटीहून अधिक. पण कामावर हजर होण्याच्या दृष्टीने हैदराबादमार्गे जाणाऱ्यांपेक्षा आठ तास आधी, आणि थेट विमानाने जाणाऱ्यांपेक्षा सव्वा दिवसाहूनही आधी. शिवाय पुण्याहून जाणारे विमान मोठे, त्यामुळे लोखंडी भागाच्या जादा वजनाचे पैसे भरले की प्रश्न मिटतो. कारखान्याने हाच मार्ग धरला.

यावरून प्रादेशिक विमानसेवेबद्दल एक मत नोंदवावेसे वाटते. ऑक्टोबर २०१६ मध्ये जाहीर झालेल्या उडान या केंद्र सरकारच्या प्रादेशिक विमानसेवा योजनेत सुमारे ५०० किलोमीटर किंवा तासाभराच्या उड्डाणाच्या भाड्याला काही आसनांपुरती २,५०० रुपयांची मर्यादा घातली गेली. २७ एप्रिल २०१७ रोजी तिची पहिली उड्डाणे झाली तेव्हा त्यांत नांदेड-हैदराबादही होते. त्या योजनेच्या रचनेत अंतर मध्यवर्ती आहे आणि ते योग्यच आहे, कारण इंधन, भाडे आणि सरकारी तूट-भरपाई अंतरावरच बेतावी लागते. प्रवाशाचा वेळ मात्र आठवड्यातील फेऱ्यांवर बेतलेला असतो. तीन दिवसांची सेवा रोजची केली तर अचानक निघावे लागणाऱ्या माणसाचे जितके तास वाचतील, तितके एटीआरच्या जागी जेट आणून कधीही वाचणार नाहीत. विमानतळावर नव्या टर्मिनलच्या काचा बघून हरखून जाण्यापेक्षा फेऱ्यांचा तक्ता बघावा. कोल्हापूरच्या नव्या टर्मिनलचे उद्घाटन १० मार्च २०२४ रोजी झाले आहे, आता मागणी फेऱ्यांची हवी.

बुटीबोरीचे काम बुधवारी रात्रीपर्यंत आटोपले आणि परतीसाठी गुरुवारचे थेट विमान हाताशी होते. घाई नव्हती, बदली भाग तिथेच बसवलेला असल्याने पेटी हलकी होती. दुपारी अडीचला नागपूरहून निघालेल्या विमानाला वरचा वारा समोरून होता, तरी त्यातली मिनिटे उतरताना भरून निघण्याची सोय या मार्गात आहे: नागपूरहून कोल्हापूरकडे येणारे विमान साधारण २२५ अंशांच्या दिशेने येते आणि उजळाईवाडीच्या धावपट्टीचे पूर्वेकडचे टोक २५० अंशांच्या दिशेला तोंड करून आहे. जमिनीलगतचा वारा पूर्वेचा नसेल तर वळसा न घालता विमान थोडेसे उजवीकडे झुकून सरळ धावपट्टीवर येते. चारच्या आधी दोघेही उजळाईवाडीत उतरले, छोट्या पट्ट्यावर पेटी लगेच आली, आणि दुसरी पाळी सुरू असताना ते कारखान्यात होते.